समुपदेशन शिकवणारी माणसं

नमस्कार श्रोतेहो.

समुपदेशनात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं ठरवलेली मुलं-मुली हल्ली कोल्हापुरात बरीच भेटतात. कुणाचं मानसशास्त्रात बीए झालेलं असतं, कुणी नर्सिंग केलेलं असतं, कुणी शाळेत दोन-चार वर्षं शिकवलेलं असतं. काहींच्या डोक्यात बंगळुरूचं ख्राईस्ट विद्यापीठ असतं, काहींना अमेरिकेला जायचं असतं. अमेरिकेतल्या अभ्यासक्रमांची यादी काढली की त्यातही ख्रिस्ती विद्यापीठं भरपूर निघतात. मग आईवडील माझ्याकडे येतात. फी किती, वसतिगृह कसं, व्हिसा मिळेल का, हे सगळं विचारून होतं आणि उठता उठता हळूच एक प्रश्न येतो, "मॅडम, तिथं धर्म तर शिकवणार नाहीत ना?"

शिकवणारी माणसं कोण आहेत, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते तोच पहिला प्रश्न आहे, आणि धर्माबद्दलच्या त्या शंकेचं उत्तरही बरंचसं त्यातच मिळतं.

अशा विभागाचं माहितीपत्रक उघडलं की आपल्याकडच्या माणसाला जरा गोंधळायला होतं. एक प्राध्यापक आधी चर्चमध्ये पाळक होते, नंतर त्यांनी समुपदेशनाचं लायसन्स काढलं. दुसऱ्या बाई अनेक वर्षं सरकारी शाळेत समुपदेशक होत्या. तिसरे लष्करात चॅपलेन, म्हणजे सैनिकांसाठी नेमलेले धर्मगुरू. चौथ्या व्यसनमुक्ती केंद्रातून आलेल्या, पाचव्या मुळच्या नर्स. साचा साधारण असाच असतो. आपल्याला सवय असते ती एमए, नेट, पीएचडी या सरळ रांगेची. त्यामुळे वडील मंडळी लगेच म्हणतात, "पाळक होता तो माणूस, तो काय मानसशास्त्र शिकवणार?"

पण या विद्येचा इतिहास पाहा. समोरच्याला उपदेश करू नका, त्याचं नीट ऐकून घ्या, त्याच्यावर विश्वास ठेवा, असं सांगणारे कार्ल रॉजर्स आपल्या बीएच्या पुस्तकात आहेत. ते १९२४ साली न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले होते ते धर्मोपदेशक होण्यासाठी. दोन वर्षांनी ते तिथून निघाले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्राकडे वळले. रोलो मे हे दुसरे नावाजलेले मानसशास्त्रज्ञ, तेही त्याच सेमिनरीत शिकलेले आणि काही काळ पाळक म्हणून काम केलेले. अँटन बॉइसेन यांची गोष्ट तर आणखी वेगळी. ते स्वतः पाळक. १९२० साली त्यांना तीव्र मानसिक आजार झाला आणि मनोरुग्णालयात राहावं लागलं. बरे झाल्यावर ते त्याच दुनियेत परत गेले, पण चॅपलेन म्हणून, म्हणजे रुग्णांसाठी नेमलेले धर्मगुरू म्हणून. १९२५ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नेलं, रुग्णांसोबत बसवलं आणि आजारी माणसाकडून शिका असं सांगितलं. धर्मगुरूंना रुग्णालयात प्रशिक्षण देण्याची पद्धत तिथून वाढली. पुढे १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर थिऑलॉजिकल सेमिनरीनं मानसशास्त्राचं स्वतंत्र पदव्युत्तर विद्यालयच काढलं. तेव्हा पाळक आणि समुपदेशक ही जोडी अमेरिकेत आजकालची नाही, जुनीच आहे.

आता असे वेगवेगळ्या वाटांनी आलेले शिक्षक असल्यानं विद्यार्थ्याच्या पदरात काय पडतं, ते सांगते. समुपदेशन वर्गातल्या व्याख्यानांतून थोडंच शिकता येतं. खरं शिक्षण होतं ते सुपरव्हिजनमध्ये. विद्यार्थी अशिलाची, म्हणजे समुपदेशनासाठी आलेल्या माणसाची, लेखी परवानगी घेऊन संभाषण रेकॉर्ड करतो, त्याचा शब्दन् शब्द उतरवून काढतो आणि शिक्षकासमोर ठेवतो.

समजा, पन्हाळ्याकडच्या एक मावशी आल्या आहेत. तरुण मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्या म्हणतात, "माझ्या हातनं कायतरी पाप घडलं असणार, म्हणून माझं पोरगं गेलं." समोर बसलेली विद्यार्थिनी चटकन म्हणते, "असं म्हणू नका मावशी, तुमचा काही दोष नाही." आपण सगळेच असं म्हणतो. मायेनंच म्हणतो.

आता हे दोन ओळींचं बोलणं पाच शिक्षकांसमोर ठेवू या.

नर्स म्हणून काम केलेल्या बाई विचारतील, मावशी झोपतात किती? जेवण जातंय का? बीपीची गोळी चालू आहे की मुलगा गेल्यापासून सोडली? आणि 'आता जगून काय करू' असं काही म्हणाल्या का? तू ते सरळ विचारलंस का? कुटुंबासोबत काम करणारे शिक्षक म्हणतील, पाप हा शब्द या घरात पहिल्यांदा कुणी उच्चारला? मावशींनी, सासूनं, की दिवसांना आलेल्या पाहुण्यांनी? नवरा काय म्हणतो? शाळेत काम केलेल्या बाईंना भलतीच काळजी, की त्या घरात धाकटी बहीण आहे का, ती शाळेत जाते का, तिच्याशी कुणी बोलतंय का? संशोधनात मुरलेले प्राध्यापक विचारतील, मुलाला जाऊन किती दिवस झाले? लांबलेल्या शोकाला मानसविकारांच्या डीएसएम या सूचीत २०२२ च्या सुधारित आवृत्तीत वेगळं निदान मिळालंय, पण मोठ्या माणसांसाठी त्यात किमान १२ महिन्यांची अट आहे. तेव्हा दोन महिन्यांच्या दुःखाला आजाराचं नाव द्यायची घाई करू नकोस.

आणि जे पाळक होते ते? लोकांना वाटतं ते म्हणतील, मावशींना देवाचं प्रेम समजावून सांग. चांगला तयार झालेला माणूस असं म्हणत नाही. तो म्हणेल, तू त्यांचा शब्द त्यांच्या हातातून काढून घेतलास. पाप म्हणजे त्यांच्या लेखी काय, ते विचार. कदाचित त्या सकाळी त्या पोराला रागावल्या असतील. गाडी घेऊन द्यायला त्यांनीच नवऱ्याला गळ घातली असेल. त्यांना देवाचाच राग आला असेल, तर तोही त्यांना बोलून दाखवता आला पाहिजे. देवाची बाजू सावरायला तू तिथं बसलेली नाहीस.

मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे दुःख घेऊन येणाऱ्या माणसाच्या बोलण्यात देव, नवस, प्रारब्ध, भोग हे येतातच. ज्योतिबाला बोललेला नवस राहून गेला म्हणून आजार आला, असं सांगणारा माणूस समोर बसतो तेव्हा नुसत्या पुस्तकावर शिकलेला समुपदेशक एक तर ते ऐकून सोडून देतो, नाहीतर अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढतो. त्या बोलण्याच्या आत कसं शिरायचं, हे शिकवणारं माणूस विभागात असणं ही मोठी गोष्ट आहे. पण तसंच एकच माणूस असावं, सगळा विभाग पाळकांचा असू नये. वरच्या पाचांतले चार जण पाळक असते, तर गोळी आणि धाकटी बहीण दोन्ही राहून गेलं असतं.

ही नजर ग्रंथालयात बसून येत नाही. गुऱ्हाळावर काहिलीतल्या रसाचे बुडबुडे आणि रंग पाहून गूळ कधी उतरवायचा ते गुळव्या ओळखतो, आणि नवखा पोरगा त्याच्या शेजारी उभा राहूनच ते शिकतो. म्हणून तर अमेरिकेत समुपदेशनाचे अभ्यासक्रम तपासून मान्यता देणारी केक्रेप नावाची संस्था, जी १९८१ पासून काम करते, ती तासांचा हिशोब मागते. आधी किमान १०० तासांचं प्रात्यक्षिक, त्यातले ४० तास प्रत्यक्ष अशिलासोबत. मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले २४० अशिलासोबत. मुख्य प्राध्यापकांबद्दलही तिचा नियम आहे. त्यांची डॉक्टरेट समुपदेशक घडवण्याच्या शास्त्रातली हवी. त्यातून सूट फक्त १ जुलै २०१३ पूर्वी किमान एक शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ या विषयाचे अध्यापक असलेल्यांना.

आता नावापुढची अक्षरं. पीएचडी आपल्याला माहीत आहे. सायडी ही मानसशास्त्रातली, प्रत्यक्ष उपचारांवर भर देणारी डॉक्टरेट. एमडिव ही पाळकांची पदवी, साधारण तीन वर्षांची. डीमिन ही धर्मसेवेतली डॉक्टरेट. ती असलेला माणूस विद्वान असेल, पण एवढ्यावर तो मानसिक आजारावर उपचार करायला पात्र ठरत नाही. त्यासाठी एलपीसी, म्हणजे व्यावसायिक समुपदेशक, किंवा एलएमएफटी, म्हणजे विवाह आणि कुटुंब यांवर उपचार करणारा, अशी लायसन्सची अक्षरं शोधा. लायसन्स तिथं प्रत्येक राज्य आपलं आपलं देतं. समुपदेशकांच्या लायसन्सची १९७६ मध्ये व्हर्जिनियानं सुरुवात केली आणि २००९ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला तेव्हा पन्नास राज्यं पूर्ण झाली. ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे, त्याला आचारसंहिता पाळावी लागते, तक्रार झाली तर उत्तर द्यावं लागतं. मुलाला अशा माणसाच्या हाताखाली शिकू द्या.

अभ्यासक्रमाच्या नावाकडेही नीट पाहा. क्लिनिकल मेंटल हेल्थ कौन्सेलिंग, म्हणजे मानसिक आजारांवरचं समुपदेशन, वेगळं. पास्टोरल कौन्सेलिंग, म्हणजे पाळकानं धर्मसेवेचा भाग म्हणून करायचं समुपदेशन, वेगळं आणि बिब्लिकल कौन्सेलिंग आणखी वेगळं. शेवटच्यात बायबल हाच मुख्य आधार असतो, आणि त्यातली काही मंडळी आधुनिक मानसशास्त्राला फारसं मानत नाहीत. चर्चच्या सेवेत जाणाऱ्याला ते उपयोगी असेल. कोल्हापुरात येऊन सर्व जातिधर्मांच्या लोकांत काम करणाऱ्याला नाही.

आता त्या हळूच विचारलेल्या प्रश्नाकडे येते. अनेक ख्रिस्ती विद्यापीठांत प्राध्यापकांना श्रद्धेच्या निवेदनावर, म्हणजे आपण संस्थेची ख्रिस्ती श्रद्धा मानतो अशा कागदावर, सही करावी लागते. धर्मशास्त्र आणि मानसशास्त्र यांचा मेळ घालणारे विषयही अभ्यासक्रमात असतात. हे मुलांना आधीच माहीत असू द्या. दुसऱ्या बाजूला, अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनची आचारसंहिता स्पष्ट सांगते की समुपदेशकानं आपली मूल्यं अशिलावर लादू नयेत. या दोन गोष्टी एकाच विभागात कशा नांदतात, ते शिक्षकांच्या कामाच्या इतिहासावरून कळतं. लष्करातल्या चॅपलेनला कुठल्याही धर्माचा सैनिक सांभाळावा लागतो, न मानणाराही. सरकारी रुग्णालयात, तुरुंगात, शाळेत काम केलेल्या माणसाला समोरच्याचा धर्म निवडता येत नाही. जन्मभर एकाच चर्चच्या आवारात काम केलेले शिक्षकच विभागात भरले असतील, तर मी त्या ठिकाणी जायचा सल्ला देणार नाही.

आणि ख्रिस्ती संस्था आपल्याला नवी नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, म्हणजे वॉनलेस हॉस्पिटलात, ऑपरेशन झालेलं कुणी ना कुणी आपल्या घरात असतंच. ख्राईस्ट विद्यापीठही कार्मेलाइट पंथाच्या धर्मगुरूंनी १९६९ मध्ये काढलेल्या कॉलेजातून वाढलं, २००८ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि तिथं सगळ्या धर्मांची मुलं शिकतात. तिथंही प्रश्न हेच विचारायचे.

आता थोडं आपल्या घरचं बोलते, कारण ते मला बोचतं. आपल्याकडे समुपदेशन शिकवणारा नेमताना नेट-सेट पाहिली जाते, पीएचडी पाहिली जाते, छापलेले शोधनिबंध मोजले जातात. माणसांसमोर बसून काढलेली वर्षं मोजायला रकानाच नसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरानं शिरोळ, करवीर पाण्याखाली गेलं. दावणीला बांधलेली जनावरं डोळ्यांसमोर गेलेल्या माणसांशी कसं बोलायचं, हे तेव्हा पुस्तकात सापडत नव्हतं. छावण्यांत काम केलेल्या नर्स, आशाताई, समाजसेवक यांना मात्र त्यातलं पुष्कळ कळत होतं. अशी माणसं विभागात आणायला आता वाट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस ही तरतूद केली. क्षेत्रात किमान १५ वर्षं मुरलेल्या माणसाला पीएचडीशिवाय नेमता येतं, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत. मनोरुग्ण विभागातल्या अनुभवी परिचारिका, व्यसनमुक्तीत आयुष्य घातलेले कार्यकर्ते आपल्या जिल्ह्यात आहेत. आपल्या महाविद्यालयांनी त्यांना बोलवावं, हे मी प्राचार्यांना भेटून सांगते, आज रेडिओवरूनही सांगते.

तर प्रवेशाची तयारी करणाऱ्यांनो, विभागाला एक पत्र लिहा. माझं सुपरव्हिजन कोण करणार, पूर्णवेळ प्राध्यापक की तासांवर येणारे शिक्षक? त्यांचं लायसन्स चालू आहे का? ते आजही अशिलांना भेटतात का? सगळे एकाच विद्यापीठात शिकलेले आहेत का? आणि अशिल हिंदू, मुसलमान किंवा देव न मानणारा असेल तेव्हा विद्यार्थ्याला तुम्ही काय शिकवता? चांगला विभाग या पत्राला सविस्तर उत्तर देतो. नुसतं रंगीत माहितीपत्रक परत आलं, तर फीचे पैसे भरायच्या आधी दुसरा विभाग पाहा.

नमस्कार.