काळा गाळ, पिवळं औषध

औषध वाहून नेणारे चुंबकी कण बनवायचे आहेत, शरीराबाहेरच्या चुंबकानं हव्या जागी ओढता येतील असे. तीन तोंडांच्या फ्लास्कमध्ये तांबूस-पिवळं द्रावण ढवळलं जातंय. १०० मिलिलिटर पाण्यात ५.४ ग्रॅम फेरिक क्लोराइड आणि २ ग्रॅम फेरस क्लोराइड, दोन्ही लोहाचे क्षार, वजनं स्फटिकजलासकट. म्हणजे फेरिकच्या दर दोन मोलांमागे फेरसचा एक. फेरसची भुकटी फिकट हिरवीच हवी. जुन्या बाटलीतली हवेनं फेरिक होऊन पिवळट पडली असेल, तर तराजू बरोबर दाखवतो आणि प्रमाण मात्र चुकलेलं असतं.

नळीतून नायट्रोजन सोडलाय, हवेतला ऑक्सिजन आत राहू नये म्हणून. तापमान ८० अंश. आता अमोनिया.

थेंब पडला तिथेच काळं! हे मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकी आयर्न ऑक्साइड, कण साधारण १० नॅनोमीटरचे. ढवळायला वरून दांडा लावलाय. चुंबकी स्टररची गोळी टाकली असती, तर सगळा माल तिलाच चिकटला असता.

बीकरला बाहेरून चुंबक लावला. गाळ एका बाजूला, पाणी नितळ. ते ओतायचं, नवं घालायचं, सामू सातवर येईपर्यंत. चुंबक काढून हलवलं की कण पुन्हा विखुरतात. इतक्या बारीक कणांत चुंबकत्व मागे उरत नाही. ओव्हनमध्ये मात्र वाळवू नयेत. ढेकूळ होतं, मग खलात कितीही घोटा.

हे कायटोसान, लांब साखळ्यांचा धनभारित पदार्थ, कोळंबीच्या टरफलांतून काढलेला, एक टक्का ॲसेटिक आम्लात रात्रभर विरघळवलेला. त्यात ओले कण, मग ट्रायपॉलिफॉस्फेट हा फॉस्फेटचा क्षार थेंबाथेंबानं. त्याचा ऋणभार कायटोसानच्या साखळ्या एकमेकींना बांधतो, कण मध्ये अडकतात. घाईनं ओतलं की काय होतं, ते शेजारच्या बीकरमध्ये दिसतंय: नुसत्या गुठळ्या.

औषध मेथोट्रेक्सेट, कर्करोगावरचं आणि संधिवातावरचंही. उजेडात खराब होतं, म्हणून बाटलीला फॉइल. त्याचा ऋणभार, कायटोसानचा धनभार. धरून ठेवायला तेवढं पुरतं. पुन्हा चुंबक लावला. वरच्या पाण्याचा पिवळेपणा उतरलाय. उतरला तितकं औषध कणांत गेलं. नेमका आकडा स्पेक्ट्रोफोटोमीटर सांगतो, द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजून.

आता औषध किती सुटतं ते पाहायचं. त्यासाठी डायलिसिसच्या पिशव्या, औषध बाहेर झिरपू देणाऱ्या पण कण आत ठेवणाऱ्या, ३७ अंशांवर. एक सामू ७.४ मध्ये, रक्तासारखी. दुसरी ५ मध्ये, पेशींच्या आतल्या आम्लधर्मी कप्प्यांसारखी. तिथे कायटोसान फुगतं, औषधाची पकड सैल होते. जितका नमुना काढला, तितकंच ताजं द्रावण परत घालायचं. हे विसरलं की आलेख वाया.

शरीरात यातले बरेच कण यकृत आणि प्लीहा उचलतात, शिवाय चुंबकाचा जोर खोलवर पोचत नाही. तरी असे कण शरीरात वापरले जातात: आयर्न ऑक्साइडच्या कणांचं रक्तक्षयावरचं इंजेक्शन अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झालं.

फ्रीझ ड्रायरमधून निघालेली ही पूड. बाटलीत नायट्रोजन, घट्ट बूच, वर तारखेची चिठ्ठी.