वार सुटल्यानंतरची मिनिटे

(दृश्य : शस्त्रक्रियागृह. भिंतीवरचे घड्याळ. बाळाचे पहिले रडणे.)

सिझेरियनमध्ये बाळ रडले की बाहेर बाकावर बसलेल्या आजीचा आणि वडिलांचा जीव भांड्यात पडतो. टेबलाशी उभ्या असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि उशाशी बसलेल्या भूलतज्ज्ञांना मात्र आईच्या दृष्टीने सर्वांत जोखमीची मिनिटे आता सुरू होत आहेत, हे ठाऊक असते. दिवस भरलेल्या गरोदरपणात गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण 500 ते 700 मिलीलीटर रक्त जात असते, आणि वार (गर्भाशयाला चिकटलेला, नाळेतून बाळाला पोसणारा अवयव) सुटली की ज्या रक्तवाहिन्यांतून हे रक्त तिच्यापर्यंत पोहोचत होते, त्यांची तोंडे उघडी पडतात.

या तोंडांना कोणी टाके घालत नाही आणि घालणे शक्यही नाही. ती बंद करण्याचे काम गर्भाशयच करते. त्याच्या भिंतीतले स्नायूंचे धागे उभे, आडवे, तिरके असे एकमेकांत विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीतून जातात. स्नायू आकसले की वीण घट्ट होते आणि वाहिन्या जागच्या जागी आवळल्या जातात. गर्भाशय सैल राहिले, तर वीणही सैल राहते आणि रक्त वाहत राहते. सिझेरियनमध्ये याच्या जोडीला गर्भाशयावर घेतलेला छेदही असतो. म्हणूनच नैसर्गिक प्रसूतीनंतर 500 मिलीलीटरच्या पुढचा रक्तस्राव अधिक मानण्याची रीत असली, तरी सिझेरियनसाठी हा आकडा 1000 धरला जात आला आहे.

हा आकडा प्रत्येक बाईसाठी सारखा नसतो, हे येथेच सांगितले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत भारतातील 52.2 टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. ज्या बाईचे हिमोग्लोबिन 12 आहे, तिला एक लीटर रक्त गेल्यावर थकवा येईल. ज्या बारीक चणीच्या बाईचे हिमोग्लोबिन 7 आहे, तिचा जीव त्याहून बराच आधी धोक्यात येईल. त्यामुळे सिझेरियननंतरचा रक्तस्राव कमी करण्याचे काम चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या रक्ततपासणीपासून आणि लोहाच्या गोळ्यांपासून सुरू होते, हे वाक्य कितीही वेळा सांगितले तरी मला ते पुन्हा सांगावेसे वाटते.

(दृश्य : जुनी शस्त्रक्रियेची उपकरणे. रेशमी धागा, चांदीची तार.)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक शल्यचिकित्सक सिझेरियनमध्ये गर्भाशयावरचा छेद टाके न घालता तसाच सोडून देत. गर्भाशय आपोआप आकसेल आणि जखम मिटेल, अशी समजूत होती; आत घातलेले टाके पुन्हा काढता येणार नाहीत, ही भीतीही होती. परिणामी बहुतेक माता रक्तस्रावाने किंवा नंतरच्या जंतुसंसर्गाने दगावत. 1876 मध्ये इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोरो यांनी मुडदुसामुळे कटिभाग विकृत झालेल्या एका तरुणीचे सिझेरियन केले आणि रक्त थांबवण्यासाठी गर्भाशयच काढून टाकले. आई आणि बाळ दोघेही वाचले. पण त्या मातेला पुन्हा मूल होणे शक्य नव्हते. पुढे सहाच वर्षांनी, 1882 मध्ये, जर्मनीतील माक्स झेंगर यांनी चांदीची तार आणि रेशीम वापरून छेद काळजीपूर्वक शिवण्याची पद्धत मांडली. आज दहा-पंधरा मिनिटांत घातले जाणारे टाके पाहताना त्यांच्यामागे किती मातांचे मृत्यू आहेत, हे सहसा लक्षात येत नाही.

टाक्यांच्याही आधी हाताच्या काही सवयी रक्त वाचवतात. गर्भाशयावरचा लहान छेद कात्रीने वाढवण्याऐवजी दोन्ही तर्जन्यांनी हलकेच ताणून रुंद केला, तर रक्त कमी जाते. वार हात घालून सोलून काढण्यापेक्षा, गर्भाशय आकसू देऊन नाळ बेताने ओढत ती बाहेर आणली, तर रक्तस्रावही कमी होतो आणि संसर्गही. या गोष्टींना पैसा लागत नाही, मिनिट-दोन मिनिटांचा धीर लागतो.

बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिन हे गर्भाशय आकसवणारे औषध द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सर्व प्रसूतींना लागू आहे. शिरेतून ते सावकाश द्यावे लागते, कारण एकदम दिल्यास रक्तदाब झपाट्याने उतरतो. शिवाय हे औषध 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. वीज वरचेवर जाणाऱ्या गावातल्या रुग्णालयात फ्रिज बंद पडला, तर कुपीवरची तारीख शाबूत राहते, आतला गुण मात्र उतरत जातो. तेच काम करणारे, पण उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन म्हणूनच महत्त्वाचे आहे. भारतासह दहा देशांत, नैसर्गिक प्रसूती झालेल्या 29 हजारांहून अधिक स्त्रियांवर त्याची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले.

(दृश्य : औषधांचा ट्रे. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कुप्या.)

आता या ट्रेकडे नीट पाहा. डावीकडे ट्रानेक्सामिक आम्ल आहे. जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने 1962 मध्ये ते जगापुढे आणले. बाळंतिणींचे रक्तस्रावाने होणारे मृत्यू टळावेत, हाच उताको यांचा ध्यास होता. हे औषध गर्भाशय आकसवत नाही, तर शरीराने तयार केलेली रक्ताची गुठळी अकाली विरघळू देत नाही. 21 देशांतील सुमारे 20 हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये आले, तेव्हा प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत हे औषध मिळालेल्या स्त्रियांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली : रक्तस्राव सुरू होताच एक ग्रॅम, दहा मिनिटांत, शिरेतून, अर्ध्या तासानंतरही रक्त थांबले नाही, तर आणखी एक ग्रॅम. दर पंधरा मिनिटांच्या उशिराने या औषधाचा फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असेही पुढच्या विश्लेषणात आढळले.

मग सिझेरियन होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ते आधीच का देऊ नये? 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत, एक लीटरहून अधिक रक्त जाण्याचे किंवा रक्त चढवावे लागण्याचे प्रमाण 31.6 टक्क्यांवरून 26.7 टक्क्यांवर आले. मात्र 2023 मध्ये अमेरिकेतील सुमारे 11 हजार स्त्रियांच्या चाचणीत मृत्यू किंवा रक्त चढवण्याच्या गरजेत ठोस फरक आढळला नाही. माझ्या मते सरसकट प्रतिबंधासाठी त्याचा आग्रह धरण्याइतका पुरावा अजून नाही. रक्तस्राव सुरू झाल्यावर मात्र ते देण्यात एक मिनिटही दवडू नये.

उजवीकडची कुपी मणक्यात द्यायच्या भुलीच्या औषधाची आहे. दोन्ही कुप्या काचेच्या, दोन्हींतले औषध पाण्यासारखे नितळ. चुकून ट्रानेक्सामिक आम्ल मणक्यात दिले गेल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक स्त्रियांचा झटके येऊन मृत्यू झाला आहे. ही दोन औषधे एका ट्रेमध्ये, एका कप्प्यात कधीही ठेवू नयेत आणि कुपीवरचे नाव मोठ्याने वाचल्याशिवाय सिरिंज भरू नये. हे दृश्य आम्ही केवळ दाखवण्यासाठी मांडले आहे.

(दृश्य : तराजूवर रक्ताने भिजलेले मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडी तुकडे. सक्शनची बाटली.)

एवढे सगळे उपाय हाताशी असूनही उशीर का होतो? याचे एक मोठे कारण असे, की किती रक्त गेले हे आपण डोळ्यांनी ठरवतो आणि डोळे कमी मोजतात. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांच्या साथीने नैसर्गिक प्रसूतीसाठी मापाच्या खुणा असलेली, खाली निमुळती होणारी प्लास्टिकची पिशवी वापरात आणली. त्यांच्या 2006 च्या अभ्यासात डोळ्यांनी केलेला अंदाज या पिशवीतल्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. सिझेरियनमध्ये तर सक्शनच्या ज्या बाटलीत रक्त ओढले जाते, गर्भजलही त्याच बाटलीत जाते, त्यामुळे गर्भजल ओढून झाल्यावर, वार निघण्यापूर्वी, बाटलीवरचा आकडा मोठ्याने सांगून लिहून ठेवावा लागतो. भिजलेले मॉप तोलले आणि कोरड्या मॉपचे वजन वजा केले, की उरलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलीलीटर रक्त. चादरीखाली साचलेले आणि योनीमार्गातून गेलेले रक्तही त्यात मिळवावे लागते.

औषधांनी भागले नाही, तर पुढच्या पायऱ्या आहेत. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी कॅथेटरला (रबरी नळीला) निरोध बांधून तो गर्भाशयात सलाइनने फुगवण्याची स्वस्त युक्ती 2003 मध्ये मांडली. क्रिस्तोफर बी-लिंच यांनी 1997 मध्ये वर्णन केलेला टाका दप्तराच्या पट्ट्यांसारखा गर्भाशयावरून जातो आणि त्याला आवळून धरतो. गर्भाशय काढण्याचा निर्णय शेवटचा असला, तरी तो उशिरा घेतलेला नसावा.

(दृश्य : निरीक्षण कक्ष. सिस्टर बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवतात.)

पोट शिवल्यावरही गर्भाशय पुन्हा सैल पडू शकते, म्हणून पहिले काही तास सिस्टर दर पंधरा मिनिटांनी बेंबीजवळ हात ठेवून ते चेंडूसारखे कडक आहे ना, हे पाहतात, पॅड बघतात, नाडी मोजतात. तरुण शरीर रक्तदाब बराच वेळ सावरून धरते, नाडी मात्र आधी वाढते. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापुढे गेला, तर पॅड कोरडा असला तरी डॉक्टरांना बोलवायचे, कारण रक्त पोटात साचत असू शकते. उशाशी बसलेल्या आईने किंवा सासूबाईंनीही तासाभरात पॅड पूर्ण भिजला, बाळंतीण गार पडली, तिला घाम फुटला किंवा ती असंबद्ध बोलू लागली, तर "बाळंतपणात एवढे रक्त जायचेच" असे म्हणून थांबू नये. सिस्टरला लगेच हाक मारावी, आणि कोणी आले नाही तर उठून जाऊन बोलावून आणावे.