एका पंगतीसाठी झटलेला उपदेशक

श्रोतेहो, नमस्कार.

सोळाव्या शतकात युरोपात कॅथलिक चर्चविरुद्ध उभ्या राहिलेल्या धर्मसुधारणेचा विषय निघाला की ल्यूथर आणि कॅल्विन ही नावे चटकन ओठांवर येतात. मला मात्र आज त्याच चळवळीतील एक उपदेशक, मार्टिन बुत्सर, यांच्याविषयी बोलायचे आहे.

आल्सास प्रांतात १४९१ मध्ये एका पिंपे बनवणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मलेले बुत्सर पंधराव्या-सोळाव्या वर्षीच डॉमिनिकन या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात दाखल झाले. एप्रिल १५१८ मध्ये हायडेलबर्ग येथे त्यांनी ल्यूथर यांना ऐकले, दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत जेवणही घेतले, आणि तेव्हापासून त्यांचे मन मठात रमले नाही. १५२१ मध्ये ते रीतसर व्रतमुक्त झाले व पुढच्याच वर्षी पूर्वाश्रमीच्या एका ननशी विवाहबद्ध झाले. चर्चने बहिष्कृत केल्यावर १५२३ मध्ये त्यांनी आल्सासमधलेच स्ट्रासबुर्ग शहर गाठले आणि पुढली पंचवीस वर्षे तिथेच उपदेश केला.

प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ एकत्र भाकर खाण्याचा विधी. त्यातील भाकर हे ख्रिस्ताचे प्रत्यक्ष शरीर की त्याची खूण, यावरून सुधारकांत फूट पडली होती. १५२९ मध्ये मारबुर्गच्या बैठकीत पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले. अडले ते या भाकरीपाशी. ज्या विधीने सर्वांनी एका पंगतीला बसायचे, त्यावरूनच पाने वेगळी मांडली जावीत, हे बुत्सर यांना सोसवत नव्हते. वर्षानुवर्षे पायपीट आणि पत्रव्यवहार करून १५३६ मध्ये त्यांनी विटेनबर्गला ल्यूथर यांच्याशी समझोता घडवला. भाकरीला खूण मानणाऱ्या स्विस सुधारकांनी मात्र तो स्वीकारला नाही. समेटाची ही ओढ मला त्यांच्या विद्वत्तेहून मोठी वाटते. तथापि हेस या जर्मन संस्थानाचे अधिपती फिलिप यांनी पहिली पत्नी हयात असताना केलेल्या दुसऱ्या विवाहाला बुत्सर यांनी दिलेली गुप्त संमती मला समर्थनीय वाटत नाही.

कॅथलिक सम्राट पाचवा चार्ल्स याने लादलेली धार्मिक तडजोड नाकारल्यामुळे १५४९ मध्ये त्यांना इंग्लंडला जावे लागले. तिथे केंब्रिजमध्ये प्राध्यापक झालेले हे वृद्ध गृहस्थ गारठ्याने इतके कुडकुडत, की किशोरवयीन राजा सहावा एडवर्ड याने जर्मन पद्धतीच्या शेगडीसाठी वीस पौंड दिले. ती ऊब त्यांना फार काळ लाभली नाही. १५५१ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे कॅथलिक मेरी राणीच्या राज्यात, १५५७ मध्ये, त्यांची शवपेटी उकरून काढण्यात आली आणि जिवंत माणसाला बांधावे तशी खांबाला साखळदंडाने बांधून, त्यांचे सहकारी फागिउस यांच्या शवपेटीसह भर बाजारात जाळण्यात आली. प्रोटेस्टंट एलिझाबेथ राणी गादीवर आल्यावर, १५६० मध्ये, केंब्रिज विद्यापीठाने त्या दोघांचा सन्मान समारंभपूर्वक परत केला.