ल्विव्हचे प्राध्यापक

१८९४ साली मिखाइलो ह्रुशेव्स्की ल्विव्ह विद्यापीठात रुजू झाले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. युक्रेन नावाचा देश तेव्हा नकाशावर नव्हता. बहुतेक मुलूख रशियाच्या झारकडे, ल्विव्हसह पश्चिमेचा भाग ऑस्ट्रियाकडे. झारच्या राज्यात १८७६ च्या फर्मानानं युक्रेनियन भाषेतल्या छपाईची जवळजवळ गळचेपीच केली होती. ल्विव्हमध्ये मात्र हे प्राध्यापक वर्गात उभे राहून त्याच भाषेत इतिहास शिकवू लागले. त्यांच्या अध्यासनाच्या नावात 'पूर्व युरोप' होता, युक्रेन नव्हता.

रशियन पाठ्यपुस्तकांतला इतिहास कीव्हमधून निघायचा आणि थेट मॉस्कोला पोहोचायचा. मग नीपर नदीच्या काठी मागं राहिलेल्या माणसांचं काय झालं? ह्रुशेव्स्कींचा सगळा अभ्यास या प्रश्नाभोवती फिरतो. राज्यकर्ते बदलले, सीमा बदलल्या, लोक तिथंच राहिले. त्यांचा इतिहास अखंड आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. 'युक्रेन-रुसचा इतिहास' या त्यांच्या महाग्रंथाचा पहिला खंड १८९८ मध्ये आला. यातलं 'रुस' म्हणजे रशिया नव्हे, कीव्हचं जुनं राज्य.

पण वर्गात नुसती भाषणं झाली नाहीत. विद्यार्थ्यांना त्यांनी दप्तरखान्यात बसवलं. जुनी कागदपत्रं वाचायची, उतरवून घ्यायची, पुराव्यानिशी लिहायचं. चांगले निबंध ते शेव्चेन्को वैज्ञानिक संस्था या ल्विव्हमधल्या युक्रेनियन विद्वत्संस्थेच्या नियतकालिकात स्वतः संपादून छापत. कोर्दुबा, तोमाशिव्स्की, क्रिप्याकेविच असे इतिहासकार याच तालमीत घडले. राष्ट्राची ओळख घोषणांनी जागी होते, पण वादात टिकते ती अशा कष्टांवर.

१९१७ मध्ये झारशाही कोसळली आणि कीव्हमधल्या मध्यवर्ती परिषदेचं, राडाचं, अध्यक्षपद या प्राध्यापकांकडे आलं. जानेवारी १९१८ मध्ये राडानं स्वातंत्र्य घोषित केलं. एप्रिलच्या अखेरीस सत्तापालट होऊन राडाच बरखास्त झाली.

सगळे शिष्य गुरूंच्या वाटेनं गेले नाहीत. तोमाशिव्स्कींनी पुढे जनतेपेक्षा राज्यसंस्थेला इतिहासाच्या केंद्रस्थानी मानलं. पुरावे तपासायला शिकवणाऱ्या गुरूंशी असा मतभेद व्हावा, यात मला त्या शिकवणीचं यशच दिसतं.

राडा गेल्यावर परदेशी गेलेले ह्रुशेव्स्की १९२४ मध्ये, आता सोव्हिएत झालेल्या कीव्हला परतले. १९३१ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी त्यांना अटक केली, मग मॉस्कोत राहायला भाग पाडलं. १९३४ मध्ये किस्लोवोद्स्कला त्यांचं निधन झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या परंपरेतल्या अभ्यासकांवर सरकारी टीकेची झोड उठली. क्रिप्याकेविच यांनाही ती चुकली नाही. तरी ते लिहीत राहिले, आणि १९५४ मध्ये कोसॅक नेता बोहदान ख्मेल्नित्स्कीवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.