नावात कुठंतरी पाणी मुरतंय

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या बुधवारी गंगेवर बाजाराला गेले होते. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, हे बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगून ठेवते. सीताफळांचा हंगाम सुरू झालाय. एका आजींच्या पाटीत चांगली डोळे उघडलेली फळं होती. भाव विचारला, तर भावाआधी त्यांनी मला इतिहासच ऐकवला. "घे गं बाई, सीतामाईनं खाल्लेलं फळ हाय. हितंच तर ऱ्हायची ती, पंचवटीत." मी दोन किलो घेतली आणि गप्प घरी आले.

गप्प अशासाठी, की सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं. तिथून ते समुद्रमार्गे इकडे आलं, ते पोर्तुगीजांच्या काळात, असं मानतात. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव अ‍ॅनोना स्क्वामोसा. त्यातलं अ‍ॅनोना हे कॅरिबियन बेटांवरच्या लोकांच्या बोलीतून उचललेलं, आणि स्क्वामोसा म्हणजे खवल्यांचं. नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाला फळावरचे खवले दिसले, आपल्या लोकांना त्यात सीता दिसली. बरं, एकटी सीता बरी दिसत नाही, म्हणून त्याच कुळातलं दुसरं फळ रामफळ झालं. मग लक्ष्मणफळ आलं, हनुमानफळ आलं. परदेशी पाहुण्यांचं अख्खं कुटुंब आपण रामायणात वसवून टाकलं! भरताच्या वाट्याला तेवढं काही आलं नाही, पण त्याला तशी सवय आहे.

खवल्यांवरून खवले मांजर आठवलं. खवले आहेत, कबूल. पण मांजराशी त्याचं नातं काय? त्याला दात नसतात, लांबलचक जिभेनं ते मुंग्या आणि वाळवी टिपून खातं. पँगोलिन हा इंग्रजीतला शब्द मलय भाषेतून आलाय, अर्थ साधारण 'गुंडाळी होणारा'. भ्यायलं की ते अंगाचा चेंडू करतं. मलय माणसानं त्याला घाबरलेलं पाहिलं असणार. आपल्याकडच्यानं बहुधा संधिप्रकाशात, पाठमोरं.

आता गुलाब. मोगलांच्या काळात नाशिकचं नाव होतं गुलशनाबाद, तेव्हा हा विषय आपल्या घरचाच. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. मूळ फारसीत गुलाब म्हणजे फुलाचा अर्क, लग्नात अंगावर शिंपडतात तो. शब्द आपल्याकडे पोचला आणि त्यातलं पाणी फुलात मुरलं. मग खऱ्या पाण्याला काय म्हणायचं? गुलाबपाणी! म्हणजे फूल-पाणी-पाणी. दुकानात बाटली मागताना आपण पाणी दोनदा मागतो आणि पैसे एकदाच देतो.

फारसीनं अशा गमती बऱ्याच करून ठेवल्यात. निफाड-दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार उठता-बसता बेदाणा म्हणतो. कानाला त्यात दाणा ऐकू येतो, पण शब्द सांगतो उलटंच: 'बे-दाना', म्हणजे ज्यात बी नाही असा. शहामृगाची तऱ्हा तर त्याहून और. ते शेपूट 'मृग' आपण जोडलंय. फारसीत 'मुर्ग' म्हणजे पक्षी, आपल्या मुर्गीतला तोच. कुणाच्या तरी कानानं मुर्गचा मृग केला आणि एवढा मोठा पक्षी हरणांच्या कळपात जाऊन उभा राहिला. हसू नका, कारण ग्रीकांनी या पक्ष्याला चिमणी आणि उंट यांचा जोडशब्द केला होता. त्याचं शास्त्रीय नाव, स्ट्रुथिओ कॅमेलस, आजही उंटाला सोडत नाही.

पण सगळीच नावं अशी कानाच्या चुकीतून आलेली नाहीत. काही डोळ्यांनी दिलीत आणि ती मला जास्त आवडतात. थंडीत एकदा नांदूरमध्यमेश्वरला जाऊन या. पाण्यावर एक करड्या-तपकिरी अंगाचं बदक दिसेल. लांबून काही विशेष वाटत नाही. दुर्बीण लावा आणि फक्त चोच बघा. टोक पिवळंधमक, आणि मुळाशी, कपाळाला टेकून, दोन लालसर ठिपके. इंग्रजीत त्याला ठिपकेवाल्या चोचीचं बदक म्हणतात, म्हणजे पोलिसाच्या पंचनाम्यात लिहावं तसं. आपल्याकडे त्याचं नाव हळदी-कुंकू. हे नाव कोयरी घेऊन फिरणाऱ्या घरातच सुचू शकतं. शेजारीच काळेशार पक्षी पोहत असतात, कपाळावर पांढरा टिळा. त्यांचं नाव वारकरी. ज्या जिल्ह्यातून निवृत्तिनाथांची पालखी निघते, तिथं हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

पावशाला मात्र कुणी बघत नाही, सगळे ऐकतात. मृगाच्या सुमाराला तो ओरडतो आणि आपल्या शेतकऱ्याला ऐकू येतं, "पेरते व्हा, पेरते व्हा." हिंदीत त्याच हाकेचं "पी कहाँ" झालं, तिथं तो प्रियकराला शोधतो. इंग्रजांना त्यात मेंदूज्वर ऐकू आला, आणि तेच त्याचं नाव झालं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यांचं डोकं तापलेलं असायचं, हे समजू शकतं.

कळलावीचं सांगायचं राहिलं. आमच्या कुंपणाशी एका पावसाळ्यात ती उगवली होती. पिवळ्या-तांबड्या वळलेल्या पाकळ्या, जणू ज्वाळाच. सासूबाईंनी फुलं बघितली आणि म्हणाल्या, "उपट आधी, घरात कळ लागेल." म्हणजे भांडणं. वैद्यकातली कळ वेगळी. बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून पूर्वी तिचा कंद वापरत, म्हणून ती कळ लावणारी. कंद जहाल विषारी आहे, घरी कुणी प्रयोग करू नयेत. सासूबाईंना मी हे सगळं समजावलं, आणि त्यावरून आमचं जे वाजलं, त्यानंतर वेल उपटला.

आता पुन्हा सीतेकडे येते. पाऊस सरत आला, की सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर बोटभर उंचीची निळी-जांभळी फुलं पसरतात. सीतेची आसवं. जवळून बघायचं तर गुडघे टेकावे लागतात, एवढी चिमुकली. शास्त्रात तिला म्हणतात युट्रिक्युलॅरिया, लॅटिनमध्ये लहानशी पिशवी. ही झाडं कीटकभक्षी. मुळांच्या जागी, ओल्या मातीत, त्यांना डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा पिशव्या असतात. सूक्ष्म जीव जवळ आला, पिशवीच्या केसाला त्याचा धक्का लागला, की झाकण आत उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

लॅटिन नाव देणाऱ्यानं ते उपटून पाहिलं होतं. आपल्याकडच्यानं नुसतं वाकून.

नमस्कार.