काशाची वाटी आणि तळपायाचा नकाशा

नमस्कार, श्रोतेहो.

उन्हाळ्यात रात्री आमच्या घरी काशाची वाटी फडताळातून खाली यायची. आजी तळपायाला साजूक तूप चोळायची आणि वाटीच्या बुडाने घासत राहायची. थोड्याच वेळात पाय काळे पडायचे. "बघ, केवढी उष्णता निघाली," असं ती म्हणायची. तो काळेपणा उष्णतेचा नव्हता, हे मला पुढे कळलं. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तूप-घामात घासलं की धातू झिजतो आणि काळपटपणा येतो. झोप मात्र खरीच गाढ लागायची.

आता रिफ्लेक्सॉलॉजीच्या, म्हणजे तळव्याचे ठरावीक बिंदू दाबून शरीरावर उपचार करतात त्या दुकानांत, पायाचा रंगीत तक्ता लावलेला दिसतो. अंगठ्यात डोकं, पायाच्या आतल्या कडेला पाठीचा कणा, उजव्या तळव्यात यकृत. हा तक्ता हजारो वर्षांचा आहे असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तो गेल्या शतकातला आणि अमेरिकेतला आहे. विल्यम फिट्झजेराल्ड या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले, एकेका बोटाला एक. १९१७ मध्ये त्यावरचं पुस्तक निघालं. मग १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी सगळं शरीर तळपायावर मांडलं.

तळव्यातल्या ठरावीक बिंदूपासून थेट यकृताला जोडणारी नस काही शरीरशास्त्राला सापडलेली नाही. तळवा दाबून एखादा आजार बरा होतो, याचाही पक्का पुरावा नाही. म्हणून पाय चेपता चेपता कुणी "तुमची किडनी बिघडली आहे" असं सांगितलं, तर कृपा करून घाबरू नका. रक्त तपासून घ्या, डॉक्टरांना विचारा.

मग पाय चेपण्यात काहीच नाही का? आहे, आणि पुष्कळ आहे! चरकसंहितेत पादाभ्यंगाने, म्हणजे पायांना तेल चोळल्याने, पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, कोरडेपणा, थकवा आणि बधिरपणा जातो असं म्हटलं आहे. यातली कोरडेपणाची गोष्ट मला फार पटते. तळव्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाच्या ग्रंथी अजिबात नसतात. तेल बाहेरूनच द्यावं लागतं. आळंदीहून पंढरपूरला चालत निघालेल्या वारकऱ्यांचे पाय मुक्कामाला चेपून देणारी माणसं असतात. त्यांच्या हाताखाली कसला तक्ता नसतो, आणि त्याची गरजही नसते.

एक मात्र कळकळीने सांगते. घरात मधुमेहाचं माणूस असेल, तर त्याच्या तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते. जोराने दाबलं किंवा तेल जास्त गरम झालं, तरी त्याला कळणार नाही. जखम, फोड असेल तर तिथे हात लावू नका. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर मुळीच चोळू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते. आधी दवाखाना गाठा.

असं काही नसेल, तर आज रात्री चमचाभर तेल कोमट करा. आधी आपल्या हाताला लावून बघा. मग आई-वडिलांचा पाय मांडीवर घ्या, टाचेपासून बोटांकडे सावकाश अंगठा फिरवा, आणि त्यांना विचारा, "इथे दुखतंय का?"