एका वाटेचं विमान आणि आठ तासांचा प्रवास

मंडळी, मधे एकच वाट आणि तिच्या दोन्ही अंगांना तीन-तीन खुर्च्या, अशा विमानाला नॅरोबॉडी म्हणतात. पुणे-दिल्ली, मुंबई-नागपूर, फार तर मुंबई-दुबई, एवढीच त्याची आपल्याला ओळख. दोन-तीन तासांत उतरायचं असतं, त्यामुळे गुडघे अवघडले तरी माणूस चालवून घेतो. पण ही विमानं आता समुद्र ओलांडू लागली आहेत. एअरबसचं ए३२१ एलआर २०१८ मध्ये आलं, त्याचा पल्ला ७,४०० किलोमीटर. त्यापुढचं एक्सएलआर ८,७०० किलोमीटर जातं; स्पेनच्या इबेरिया कंपनीने ते नोव्हेंबर २०२४ मध्ये माद्रिद-बोस्टन मार्गावर उतरवलं. आपल्याकडे इंडिगोने ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई-नैरोबी सुरू केलं. ते अंतर साडेचार हजार किलोमीटर, आणि विमान याच घराण्यातलं. मुंबई-अथेन्स अंतर सव्वापाच हजारांच्या आतच भरतं. तेव्हा मुलाकडे-लेकीकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांच्या वाट्याला हे विमान येणार, हे धरून चला. तिकीट काढताना विमानाचा प्रकार पाहायची सवय लावा. ३२एन म्हणजे ए३२० निओ, ३२क्यू म्हणजे ए३२१ निओ, ७एम८ म्हणजे ७३७ मॅक्स ८. ही तीन अक्षरं दिसली की तयारी वेगळी करायची.

लहान विमान म्हणजे अरुंद खुर्ची, असं सगळे धरून चालतात. ए३२० घराण्याच्या केबिनची आतली रुंदी ३.७० मीटर आहे, त्यामुळे इकॉनॉमीची खुर्ची १८ इंचांपर्यंत रुंद बसवता येते. बोइंग ७३७ ची केबिन ३.५४ मीटर, तिथे १७ इंच मिळतात. आणि भलंमोठं ७७७? एका रांगेत दहा खुर्च्या बसवल्या की तिथेही सतराच्या आसपासच. म्हणजे खांद्यापुरतं पाहिलं तर ए३२१ मध्ये आपण तोट्यात नाही. पिचचा आकडाही नीट समजून घ्या. पिच म्हणजे एका खुर्चीवरच्या एका बिंदूपासून पुढच्या खुर्चीवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. त्यात खुर्चीच्या पाठीची जाडीही आली. त्यामुळे पातळ पाठीच्या नव्या खुर्चीत २९ इंच पिचला गुडघ्यांना जेवढी जागा मिळते, तेवढी जुन्या जाड खुर्चीत ३० इंचांनाही मिळत नाही. मात्र या पातळ खुर्चीत कंबरेचा बाक भरून निघत नाही आणि चौथ्या तासाला पाठ बोलू लागते. शालीची मनगटाएवढी जाड गुंडाळी करून पट्ट्याच्या रेषेत, कंबरेमागे ठेवायची. फुगवलेली उशी तिथे चालत नाही, वर चढताना ती आणखी फुगते आणि माणसाला पुढे ढकलते.

खरी अडचण मधल्या वाटेची आहे. नियमाप्रमाणे ही वाट खालच्या भागात निदान १५ इंच आणि वरच्या भागात निदान २० इंच रुंद लागते. जेवणाची ट्रॉली ३० सेंटिमीटर रुंद, ८० सेंटिमीटर लांब. ती वाटेत आली की वाट संपली. शेजारून माणूस जाऊच शकत नाही. दोन वाटांच्या विमानात दुसऱ्या बाजूने वळसा घालता येतो, इथे ती सोय नाही. आता हिशेब मांडू. इबेरियाच्या एक्सएलआरमध्ये इकॉनॉमीचे १६८ प्रवासी आहेत. दोन ट्रॉल्या धरल्या तर प्रत्येकीकडे ८४ माणसं. व्हेज की नॉनव्हेज, पाणी की ज्यूस, एवढं विचारून देईपर्यंत माणशी अर्धं-पाऊण मिनिट जातं. म्हणजे पाऊण तास ते तास वाढण्यात, आणि मग ट्रे गोळा करण्यात आणखी वेळ. उतरण्याआधीचा नाश्ता धरला तर आठ तासांतले अडीच-तीन तास वाट बंद.

टॉयलेटचा हिशेब याहून बोलका आहे. १६८ जणांना तीन टॉयलेट धरा. प्रत्येक जण दोनदा गेला आणि दर वेळी तीन मिनिटं लागली, तर १,००८ मिनिटं होतात, म्हणजे प्रत्येक टॉयलेट ३३६ मिनिटं, साडेपाच तासांहून जास्त वेळ, भरलेलं. उड्डाण, उतरणं, हेलकावे यांत पट्ट्याचा दिवा लागलेला असतो तो वेळ वजा करा, जेवणाचा वजा करा, शिल्लक फारसं काही उरत नाही. म्हणून रांग ही त्या विमानाची कायमची अवस्था आहे. ती टाळायची तर वेळ साधावी लागते. उड्डाणानंतर पट्ट्याचा दिवा विझला की लगेच उठा, गरज वाटत नसली तरी. तोवर ट्रॉली निघालेली नसते. दुसरी संधी ट्रे गोळा झाल्यावर लगेच नव्हे, तर अर्ध्या-पाऊण तासाने, कारण जेवण संपताच सगळेच उठतात. आणि शेवटची फेरी उतरण्याआधी तासभर. खाली जायला सुरुवात झाल्यावर दिवा लागतो आणि मग कळवळून बसावं लागतं. जाताना पायात बूट-चपला हव्यातच. मोजे घालून जाणारे अनेक दिसतात, पण तिथली जमीन ओली असते आणि ते नेहमी पाणीच असतं असं नाही.

एवढं लक्षात घेतलं की जागा कुठली निवडायची ते आपोआप ठरतं. प्रोस्टेटचा त्रास असेल, मधुमेह असेल, लघवीची गोळी चालू असेल, तर वाटेकडेचीच खुर्ची, पैसे भरावे लागले तरी. खिडकी झोपणाऱ्याला. नवरा-बायको दोघं असाल तर एकाच रांगेत खिडकी आणि मधली घेण्यापेक्षा एकाच रांगेत वाटेच्या अल्याड-पल्याडच्या दोन खुर्च्या घ्या. हात पोचतो, बोलता येतं आणि दोघांनाही उठायला कुणाची परवानगी लागत नाही. शेवटची रांग टाळा. पाठ रेलत नाही, टॉयलेटची रांग डोक्याशी उभी असते आणि इंजिनाच्या मागे असल्यामुळे आवाजही जास्त. शांतता हवी तर पंखांच्या पुढे बसा, हेलकावे कमी हवेत तर पंखांवर. आपत्कालीन दाराच्या रांगेत पाय पसरतात खरे, पण दारालगत पायांना गार लागतं, आणि पहिल्या रांगेप्रमाणेच तिथेही ट्रे खुर्चीच्या हातात दुमडलेला असेल तर खुर्ची इंचभर अरुंद होते. शिवाय त्या दाराशी बसणाऱ्याला वेळ पडल्यास दार उघडता आलं पाहिजे, म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याला ती जागा देत नाहीत आणि देऊही नये.

आता पाय. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे प्रश्न फक्त आरामाचा नाही. पायातलं रक्त वर चढवण्याचं काम पोटरीचा स्नायू करतो. तो आवळला की आतली शीर दाबली जाते आणि रक्त वर सरकतं. शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. तासन् तास बसलं की हा पंप बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासात शिरेत गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, मग ते विमान असो, आगगाडी असो वा बस. निरोगी माणसात हे प्रमाण सहा हजारांत एक इतकं आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. मात्र नुकतंच ऑपरेशन झालेलं, पूर्वी गुठळी झालेली, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, गरोदर, किंवा गर्भनिरोधक अथवा हार्मोनच्या गोळ्या घेणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. आपल्या मनाने ॲस्पिरिन घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

आणि बुटक्या माणसाचा त्रास कुणी बोलत नाही. खुर्चीची पुढची कड जमिनीपासून साधारण ४३-४५ सेंटिमीटरवर येते. पाच फूट उंचीच्या बाईंच्या पायाची गुडघ्यामागपर्यंतची उंची ३७-३८ सेंटिमीटर. म्हणजे पाय लोंबकळतात, सगळं वजन मांडीच्या मागच्या बाजूवर येतं, खुर्चीची कड नेमकी तिथली शीर दाबते आणि दोन तासांत मुंग्या येतात. पुढच्या खुर्चीखाली ठेवलेली पिशवी उड्डाणानंतर ओढून पायांखाली घ्या. कपड्यांची, घट्ट भरलेली, तीन-चार बोटं उंचीची. तळपाय सपाट टेकले की मांडी कडेवरून उचलली जाते. टेकल्यावर मग व्यायाम: टाच रोवून बोटं वर, तीनपर्यंत मोजायचं, बोटं रोवून टाच वर, तीनपर्यंत मोजायचं. असं वीसदा, दर अर्ध्या तासाने. लोंबकळत्या पायांनी हे केलं तर पोटरीवर भारच येत नाही. विमान उतरताना पिशवी परत पुढच्या खुर्चीखाली सारायची, हे विसरू नका.

डॉक्टरांनी दाबाचे मोजे सांगितले असतील तर गुडघ्याखालचे घ्या, आणि माप बुटाच्या नंबरावरून नाही, तर टेपने घोट्याचा आणि पोटरीचा घेर मोजून. सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आत घालायचे. लांब पडले म्हणून वरची कड दुमडणं ही नेहमी होणारी चूक. दुमडीत दाब दुप्पट होतो आणि ज्यासाठी मोजा घातला त्याच रक्ताला तिथे आडकाठी होते.

हवेचं थोडक्यात सांगतो. विमान ३५ हजार फुटांवर असताना केबिनमधला दाब जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवरच्या हवेएवढा उतरू देतात. आपलं कळसूबाई ५,४०० फूट; त्याच्या जवळपास दीडपट उंचीवर आपण तासन् तास बसलेले असतो. ७८७ आणि ए३५० मध्ये हा आकडा ६,००० पर्यंत राखतात, हा त्या मोठ्या विमानांचा खरा फायदा. आठ हजार फुटांच्या दाबाला पोटातला वायू सुमारे एकतृतीयांशाने फुगतो. चिवड्याचं सीलबंद पाकीट टम्म फुगलेलं दिसतं ना, तसंच आत चाललेलं असतं. म्हणून आदल्या रात्री मटकी, वाल, कोबी नको, आणि विमानात सोडा नको. दशमी, दहीभात, केळं यांवर निभतं. हवेतला ओलावा दहा ते वीस टक्केच, त्यामुळे डोळे, नाक, घसा कोरडे पडतात. त्यासाठी लिटरच्या लिटर पाणी प्यायची गरज नाही, तेवढं पिऊन आपण टॉयलेटचीच रांग वाढवतो. तासाला अर्धा पेला, घोट घोट. नाकात सलाइनचे थेंब, डोळ्यांतली लेन्स काढून चष्मा. ज्यांचा ऑक्सिजन जमिनीवरच ९५ च्या खाली असतो, किंवा ज्यांना दमा, हृदयविकार, जास्त ॲनिमिया आहे, त्यांनी आधी तपासणी करून विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म भरावा.

पश्चिमेकडे जाताना हिवाळ्यात समोरून जोराचा वारा असतो. २०११-१२ च्या हिवाळ्यात युरोपहून अमेरिकेला निघालेली बोइंगची डझनावारी ७५७ विमानं, तीही एकाच वाटेची, इंधनासाठी वाटेत उतरवावी लागली होती. पल्ल्याच्या टोकावर उडणाऱ्या कुठल्याही विमानाला हे होऊ शकतं. तेव्हा पुढच्या विमानाला निदान तीन तासांचं अंतर ठेवा आणि त्या दिवसाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात नको. इंधन भरत असताना पट्टा सोडून बसायला सांगतात, ते ऐका. काही झालं तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून ते असतं.

व्हीलचेअर घेणाऱ्यांसाठी शेवटी सांगतो. आपली खुर्ची दारापर्यंतच येते. आत वाटेत मावेल अशी अरुंद खुर्ची वेगळी असते. ती विमानात ठेवलेली असेल का, हे कंपनीला निदान ४८ तास आधी विचारून ठेवा, कारण दारापासून जागेवर पोचवणं आणि उड्डाणात टॉयलेटपर्यंत नेणं या दोन वेगळ्या सोयी आहेत. पहिली नोंदवली म्हणजे दुसरी मिळते असं नाही. शिवाय यांतल्या बहुतेक विमानांच्या टॉयलेटमध्ये मदतनीस बरोबर आत मावत नाही. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०२३ मध्ये १२५ किंवा जास्त खुर्च्यांच्या एकवाटी विमानांत मोठं टॉयलेट सक्तीचं केलं, पण ते नव्या विमानांपुरतं आणि २०३० च्या दशकापासून लागू होणारं आहे. तोवर ज्यांना आधाराशिवाय उभं राहता येत नाही त्यांनी आठ तासांचं एकवाटी विमान घेऊ नये. दोन वाटांचं विमान मिळत असेल तर थोडं महाग पडलं तरी ते घ्यावं, किंवा मधे एक थांबा घेऊन प्रवासाचे दोन तुकडे करावेत.